दूरचे दिसावे, पण आपण दिसू नये

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, बोर्डीच्या पूर्वेला बारडचा डोंगर आहे. उंची सुमारे १५०० फूट, म्हणजे ४५७ मीटर. तेथील बाहरोटच्या गुहा पारशी बांधवांना पूज्य आहेत. १५९९ च्या सुमारास रचलेले ‘किस्सा-इ-संजाण’ हे फारसी काव्य सांगते, की सुलतानाच्या सैन्याने संजाण नगर जिंकले तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी या डोंगरावर आणून बारा वर्षे जपला. हा अग्नी १७४२ पासून उदवाड्यात आहे.

लपायला डोंगर का चांगला? प्रथम दृष्टीचा पल्ला मोजू. पृथ्वी गोल असल्याने आपली नजर क्षितिजावर तिला स्पर्शिकेसारखी टेकते. पायथागोरसचा सिद्धान्त वापरला, की सूत्र मिळते:

क्षितिजाचे अंतर (किमी) = ३.५७ × √उंची (मीटर)

वाळूवर उभे राहिलात तर डोळे साधारण दीड मीटर उंचीवर असतात. क्षितिज ४.४ किमीवर येते. माथ्यावरून तेच ७६ किमीवर जाते! उंची सुमारे ३०० पट झाली, अंतर मात्र १७ पटच वाढले. कारण सूत्रात वर्गमूळ आहे. धूळ आणि बाष्प यांमुळे प्रत्यक्षात बहुधा याहून कमी दिसते.

पण प्रकाशाची वाट दुहेरी असते. आपल्याला संजाण दिसत असेल, तर संजाणहूनही आपली जागा दिसणार. मग लपणार कसे? उत्तर आकारात आहे. डोळ्याला साधारण एका कलेपेक्षा (अंशाचा साठावा भाग) लहान वस्तू नीट ओळखता येत नाही. म्हणून सुमारे ६ किमीपलीकडचा माणूस दिसेनासा होतो. धुरळा उडवीत येणारी फौज मात्र दिसते.

अग्नीची गोष्ट वेगळी. ज्योत स्वयंप्रकाशी असते. अंधाऱ्या रात्री ती कितीही लहान असली तरी ठिपक्यासारखी दुरून दिसते. उघड्या माथ्यावर ती चहाड होईल. गुहेत मात्र प्रकाश सरळ रेषेत जात असल्याने तो तोंडाच्या दिशेनेच बाहेर पडतो. पहारा माथ्यावर आणि ज्योत गुहेत ठेवली, तर दोन्ही साधते.

शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा: अंधाऱ्या खोलीत आडव्या ठेवलेल्या मडक्यात मेणबत्ती लावा आणि खोलीभर फिरा. ज्योत कोठून दिसते, कोठून नाही, याचा नकाशा काढा. मग पावसाळा सरल्यावर बारडवर जा. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राची २७५ मीटर उंच चिमणी शोधा. ती किती स्पष्ट दिसते यावरून त्या दिवशीची हवा किती स्वच्छ आहे ते ठरवा.