भाड्याच्या संगणकांचा लेखी कारभार

आपल्या पनवेलमध्ये योट्टा कंपनीचे एनएम-१ हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झाले. ७,२०० रॅक आणि ५० मेगावॉट विजेची क्षमता असलेली ही इमारत म्हणजे संगणकांचे भले मोठे गोदाम. अशा गोदामांतील संगणक भाड्याने मिळतात. आपण ते डोळ्यांनी पाहत नाही, पण ऑनलाइन ऑर्डर, जीएसटीची बिले, उधारीची खाती, मालाचे फोटो हे सारे तिथे राहते. आपल्या बांधवांपैकी अनेकांचा धंदा आज अशा भाड्याच्या संगणकांवर चालतो. तो कसा मांडला आहे, हे मात्र बहुतेक ठिकाणी एकाच माणसाच्या डोक्यात असते. हा माणूस म्हणजे संगणकाचे काम पाहणारा मुलगा.

तो मुलगा दुबईला गेला, आजारी पडला किंवा भांडून निघून गेला, तर काय होते? संगणक चालू असतो तोवर कोणाला काही कळत नाही. बंद पडला की नवा माणूस येतो आणि म्हणतो, आधीच्याने काय केले ते समजत नाही, सगळे नव्याने करावे लागेल. ऐन सणाच्या हंगामात आठ दिवस ऑर्डर थांबल्या तर किती नुकसान होते, हे आम्ही कापडवाल्यांना सांगायला नको.

यावरचा उपाय आपल्या पेशात जुनाच आहे. मालेगाव-भिवंडीत जेकार्डवर नक्षी विणतात ती पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या पत्त्यांवरून. विणकर बदलला तरी पत्ते तेच असतील तर किनार तीच येते. नक्षी माणसाच्या डोक्यात नाही, पत्त्यात आहे. फ्रान्समधील जोसेफ जाकार यांनी १८०४ च्या सुमारास हा माग पुढे आणला आणि पुढे सुरुवातीच्या संगणकांनीही भोके पाडलेले पत्तेच वापरले. संगणकाचा कारभार कोडमध्ये लिहून ठेवणे ही त्याच कल्पनेची पुढची पायरी आहे.

या कामासाठी टेराफॉर्म नावाचे साधन हॅशिकॉर्प कंपनीने २०१४ मध्ये आणले. ते मुक्त परवान्याचे होते. म्हणजे त्याची घडण कोणीही पाहावी, वापरावी, सुधारावी. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने परवाना बदलला आणि प्रतिस्पर्धी धंद्यासाठी वापरण्यावर बंधने घातली. तेव्हा अनेकांनी एकत्र येऊन जुन्या मुक्त आवृत्तीवरून वेगळी शाखा काढली. तिचे नाव ओपनटोफू. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ती चालते आणि जानेवारी २०२४ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. दोन्ही साधनांची लिहिण्याची पद्धत बहुतांशी एकच आहे.

काम कसे चालते ते पाहू. साध्या मजकुराच्या फायलीत आपल्याला काय हवे ते लिहायचे : या क्षमतेचे दोन संगणक, एक डेटाबेस, फोटोंसाठी एवढी जागा, बाहेरून आत यायला एवढीच दारे. कसे करायचे ते लिहायचे नाही. ते साधन पाहते.

मग ‘प्लॅन’ हा हुकूम द्यायचा. हे झाले कच्चे बिल. काय नवे उभे राहील, काय बदलेल, काय मोडले जाईल, याची यादी समोर येते. ती वाचून पटली तर ‘अप्लाय’ म्हणायचे आणि काम सुरू होते. यादी न वाचता होकार देणे म्हणजे बिल न पाहता सही करणे. एका शब्दाच्या बदलाने जुना डेटाबेस मोडून नवा उभा राहू शकतो, आणि कच्च्या बिलात ते स्पष्ट दिसते. महत्त्वाची वस्तू मोडली जाऊ नये म्हणून फायलीत तसे कुलूपही लावता येते.

साधन स्वतःची एक वही ठेवते. तिला ‘स्टेट’ म्हणतात. काय काय उभे केले याची ती स्टॉकवही. त्यामुळे तोच हुकूम दोनदा दिला तरी दोनाचे चार संगणक होत नाहीत. कोणी चिठ्ठीविना गोदामातून माल हलवावा तसा परस्पर हाताने बदल केला, तर पुढच्या प्लॅनमध्ये तो फरक उघडा पडतो. या वहीत पासवर्डही उतरलेले असू शकतात. म्हणून ती उघड्यावर ठेवू नये. ओपनटोफूच्या १.७ आवृत्तीपासून ती सांकेतिक करून ठेवण्याची सोय आहे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कोड दुकान पुन्हा बांधून देतो, दुकानातला माल परत आणत नाही. गिऱ्हाइकांची खाती आणि बिले यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो, आणि तो दुसऱ्या शहरात असावा. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून व हैदराबादचा २०२२ पासून आहे. कोड व बॅकअप हाती असले, तर विभागाचे नाव आणि त्या विभागापुरत्या थोड्या नोंदी बदलून तोच कारभार हैदराबादला उभा करता येतो. मात्र कोड आणि स्टेटवहीची प्रतही मुंबईबाहेर हवी.

खर्चाचे म्हणाल तर साधनाला पैसे पडत नाहीत. संगणकांचे भाडे मात्र पडते, आणि विसरलेल्या संगणकाचेही चालूच राहते. सारे लिहिलेले असले की यादीबाहेरचा संगणक शोधणे सोपे जाते. आधी हाताने उभे केलेले संगणकही ‘इंपोर्ट’ करून या वहीत घेता येतात. दुकान बंद ठेवण्याची गरज नाही. एकच छोटी वेबसाइट असेल तर एवढा पसारा लागत नाही. खात्याचा तपशील आणि बॅकअप नीट असला तरी पुरे.

वाचक बंधूंनी आपल्या संगणकवाल्याला या आठवड्यात पाच प्रश्न विचारावेत. भाड्याचे खाते कोणाच्या नावावर आहे? कोड कुठे आहे आणि त्याची प्रत आपल्याकडे आहे का? स्टेटवही कुठे ठेवली आहे? शेवटचा बॅकअप कधी घेतला? आणि रिकाम्या जागी सारे पुन्हा उभे करून कधी पाहिले आहे का?

खाते मालकाच्या नावावरच असावे. प्रामाणिक कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट लेखी कारभाराने त्याच्याही डोक्यावरचे ओझे उतरते, आणि चार दिवस गावी गेला तरी त्याचा फोन सारखा वाजत नाही.