कालवांची जिवंत भिंत किनाऱ्याची धूप किती रोखू शकते?

नवी दिल्ली : किनाऱ्याची धूप रोखण्यासाठी दगडी बंधारे, काँक्रीटच्या भिंती आणि टेट्रापॉड हेच उपाय आजवर प्रामुख्याने योजले गेले. आता या यादीत एका सजीवाची भर पडली आहे. खाडीतील खडकांना चिकटून राहणारे कालव, म्हणजेच ऑयस्टर, एकमेकांच्या शिंपल्यांवर वाढत जाऊन कणखर रचना उभारतात. तिच्या साह्याने लाटांचा जोर मोडण्याचे प्रयोग अमेरिका, नेदरलँड्स आणि बांगलादेशात झाले आहेत. त्यांपैकी बांगलादेशातील प्रयोग भारतासाठी अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो बंगालच्या उपसागरात आणि मोसमी पावसाच्या प्रदेशात झाला.

प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह प्रतिमांच्या आधारे देशाच्या मुख्य भूमीच्या सुमारे ६,९०७ किलोमीटर किनाऱ्याचा अभ्यास केला. त्यापैकी ३३.६ टक्के किनारा कमी-अधिक प्रमाणात धुपत असल्याचे त्यात आढळले. पश्चिम बंगालमध्ये हे प्रमाण ६०.५ टक्के, केरळमध्ये ४६.४ टक्के, तर महाराष्ट्रात २५.५ टक्के होते. एवढ्या लांबीच्या किनाऱ्यावर सर्वत्र भिंती बांधणे आर्थिकदृष्ट्या अवघड आहे आणि निसर्गाच्या दृष्टीने ते इष्टही नाही. त्यामुळे कोणत्या ठिकाणी कोणता उपाय योग्य, याचा विचार अपरिहार्य ठरतो.

कालवभित्ती कशी तयार होते?

प्रवाळांपासून जशी प्रवाळभित्ती तयार होते, तशीच कालवांपासून कालवभित्ती तयार होते. कालवाच्या अळ्या जन्मानंतर साधारण दोन ते तीन आठवडे पाण्यात तरंगत राहतात. त्यानंतर त्या टणक पृष्ठभागाचा शोध घेतात. तो सापडला की अळी स्वतःला त्यावर कायमची चिकटवून घेते आणि उर्वरित आयुष्य तेथेच काढते. दगड किंवा काँक्रीट तिला चालते, मात्र दुसऱ्या कालवाचा शिंपला तिला अधिक मानवतो. एका पिढीच्या शिंपल्यांवर पुढची पिढी बसते, तिच्यावर त्यापुढची. अशा रीतीने मृत शिंपल्यांचा पाया आणि वर जिवंत कालवांचा थर असलेली खडबडीत भित्ती आकाराला येते.

या भित्तीवर आदळणारी लाट घर्षणामुळे आपली बरीच ऊर्जा गमावते आणि भित्तीमागील पाणी तुलनेने शांत राहते. शांत पाण्यात गाळ खाली बसतो. शिवाय कालव पाणी गाळून त्यातील सूक्ष्म कण टिपतात आणि नको असलेला भाग गोळ्यांच्या रूपात तळाशी टाकतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जातीचे एक प्रौढ कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला सुमारे १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकते. गाळाची पातळी वाढली की खारे गवत आणि कांदळवन यांना मुळे रोवता येतात. त्यांच्यामुळे लाटांचा जोर आणखी कमी होतो. किनाऱ्याचे खरे रक्षण या संपूर्ण साखळीमुळे होते. कालवभित्ती ही तिची पहिली कडी आहे.

भिंत आणि भित्ती

उभी भिंत लाटेची ऊर्जा शोषून घेण्याऐवजी तिचा बराचसा भाग परत फेकते. परतणारे पाणी भिंतीच्या पायथ्याची वाळू खरवडते. कालांतराने भिंतीसमोरील पुळण नाहीशी होते आणि पाया उघडा पडतो. भिंत जेथे संपते, त्याच्या लगतच्या किनाऱ्यावर धूप वाढल्याचेही अनेक ठिकाणी दिसते. बांधकाम पूर्ण झाले त्या दिवसापासून भिंतीची झीज सुरू होते आणि समुद्राची पातळी वाढली म्हणून तिची उंची आपोआप वाढत नाही.

कालवभित्ती मात्र वाढते. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या कालवभित्ती समुद्राच्या पातळीतील वाढीहून अधिक वेगाने उंच होऊ शकतात, असे त्यात आढळले. भित्तीचा एखादा भाग तुटला, तरी नव्या अळ्या तेथे बसून तो भरून काढू शकतात. अर्थात, त्यासाठी आसपास पुरेशी जिवंत कालवे, योग्य क्षारता आणि बसण्यासाठी टणक जागा असावी लागते.

संरक्षक बांधकामातून नवी समस्या कशी उद्भवते, याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. १९५३ च्या भीषण पुरानंतर तेथे ओस्टरशेल्डे खाडीच्या मुखाशी प्रचंड वादळरोधक बांध उभारण्यात आला. तो १९८६ मध्ये पूर्ण झाला आणि पुराचा धोका कमी झाला. परंतु भरती-ओहोटीचे प्रवाह मंदावल्याने वादळात वाहून गेलेली वाळू पुन्हा चिखलपट्ट्यांवर येईनाशी झाली आणि त्या हळूहळू झिजू लागल्या. या झिजेवर उपाय म्हणून तेथील संशोधकांनी तारेच्या जाळ्यांत कालवांचे शिंपले भरून कृत्रिम भित्ती तयार केल्या. या कामाचा अनुभव असलेले वाखेनिंगेन विद्यापीठ पुढे बांगलादेशातील संशोधनातही सहभागी झाले.

कुतुबदिया बेटावरील प्रयोग

बांगलादेशाच्या आग्नेय किनाऱ्यावरील कुतुबदिया बेट अनेक दशकांपासून धुपत आहे. १९९१ च्या चक्रीवादळात बांगलादेशात सुमारे १ लाख ३८ हजार लोकांचा बळी गेला. त्या वेळी कुतुबदियालाही जबर तडाखा बसला. बेटावरून विस्थापित झालेली अनेक कुटुंबे कॉक्स बाजार शहराच्या किनाऱ्यावर स्थायिक झाली आणि ती वस्ती ‘कुतुबदियापाडा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. बेटावरील मातीचे बांध लाटांपुढे टिकत नाहीत आणि त्यांची डागडुजी सतत करावी लागते.

अशा बेटाच्या धुपणाऱ्या चिखलपट्टीवर संशोधकांनी तीन भित्ती उभारल्या. काँक्रीटच्या कड्यांवर स्थानिक जातीच्या कालवांना वाढू देण्यात आले. पावसाळ्यासह चार ऋतूंमधील निरीक्षणे नोंदवण्यात आली आणि २०१९ मध्ये त्यांचे निष्कर्ष ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भित्तीच्या मागील बाजूस २९ सेंटीमीटर चिकणमातीचा गाळ साचला. भित्ती नसलेल्या जागांच्या तुलनेत तेथील धूप ५४ टक्क्यांनी कमी झाली आणि खारे गवत समुद्राच्या दिशेने पसरू लागले.

याच अभ्यासातील आणखी एक नोंद तितकीच महत्त्वाची आहे. पाण्याची पातळी अर्ध्या मीटरपेक्षा कमी असताना भित्तींनी लाटा पूर्णपणे अडवल्या. पातळी अर्धा ते एक मीटर असताना त्यांनी लाटांची ऊर्जा घटवली. निरीक्षणाच्या काळात तेथील लाटांची उंचीही ०.१ ते ०.५ मीटर एवढीच होती. म्हणजेच, रोजच्या भरती-ओहोटीबरोबर येणाऱ्या लहान लाटा हे या भित्तीचे कार्यक्षेत्र आहे. चक्रीवादळात समुद्र कित्येक मीटर उंचावतो, तेव्हा ती पाण्याखाली जाते. तेव्हा माणसांचे प्राण वाचवण्यासाठी निवारे, पूर्वसूचना आणि भक्कम बांध यांना पर्याय नसतो. मात्र वर्षभर थोडी थोडी होणारी धूप थांबली, तर बांधापुढील चिखलपट्टी आणि गवत टिकून राहते आणि बांधावर येणारा ताण कमी होतो.

जे गमावले ते परत मिळवण्याची किंमत

जगभरातील सुमारे ८५ टक्के कालवभित्ती नष्ट झाल्याचा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात व्यक्त करण्यात आला होता. बेसुमार उपसा, सांडपाणी, गाळ आणि रोगराई ही त्याची मुख्य कारणे आहेत. कालव खाण्यासाठी उचलले जातात आणि त्यांच्या शिंपल्यांपासून चुना बनवला जातो. त्यामुळे पुढच्या पिढीची बसण्याची जागाही त्यांच्याबरोबर जाते. उपसा थांबल्यानंतरही भित्ती पुन्हा सहज उभी राहत नाही, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

न्यू यॉर्कचे बंदर एकेकाळी कालवांसाठी प्रसिद्ध होते. प्रदूषणामुळे तेथील शेवटची कालवक्षेत्रे १९२७ मध्ये बंद करावी लागली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट’ने २०३५ पर्यंत या बंदरात शंभर कोटी कालवे वाढवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी उपाहारगृहांतील वापरलेले शिंपले गोळा केले जातात, दीर्घकाळ उघड्यावर ठेवून स्वच्छ होऊ दिले जातात आणि त्यांवर अळ्या बसवून ते पाण्यात सोडले जातात. या बंदरातील कालव आजही खाण्यायोग्य नाहीत. त्यांचे काम पाणी गाळण्याचे आणि भित्ती उभारण्याचे आहे.

२०१२ च्या सँडी वादळाने झोडपलेल्या स्टेटन आयलंडच्या दक्षिण टोकाशी ‘लिव्हिंग ब्रेकवॉटर्स’ हा प्रकल्प २०२४ मध्ये पूर्ण झाला. वास्तुरचनाकार केट ऑर्फ यांच्या ‘स्केप’ या संस्थेने त्याचा आराखडा तयार केला. सुमारे ७३० मीटर एकूण लांबीच्या या लाटरोधकांवर दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. त्यांचा गाभा दगड आणि विशेष काँक्रीटचा असून, सागरी जीवांना आश्रय मिळावा अशा कपारी त्यांत ठेवल्या आहेत. खुल्या समुद्राच्या मोठ्या लाटांना तोंड देताना आधी दगड आणि त्याच्या आधाराने कालव, हा क्रम तेथील अभियंत्यांनी स्वीकारला आहे.

गोड्या पाण्याचा धोका

कालवांना गोडे आणि खारे पाणी मिसळते अशी जागा मानवते, परंतु गोड्या पाण्याचा दीर्घकाळ मारा त्यांना सोसत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये मिसिसिपी नदीच्या पुराचे पाणी बॉने कॅरे सांडव्यातून दीर्घकाळ सोडावे लागले. त्यामुळे मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यालगतची बहुतेक कालवे मरण पावली. भारतातील अनेक खाड्यांची क्षारता पावसाळ्यात झपाट्याने उतरते. त्यामुळे जागा आणि जात यांची निवड किमान एका पूर्ण पावसाळ्याच्या निरीक्षणानंतरच करणे श्रेयस्कर ठरेल. परदेशी जाती आणण्याचा मोहही टाळावा लागेल. नव्या पाण्यात त्या स्थानिक जीवांवर कुरघोडी करू शकतात.

भारतात काय शक्य आहे?

या कामाची प्राथमिक विद्या भारतात आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने १९७० च्या दशकात तुतिकोरिन येथे कालवशेतीचे तंत्र विकसित केले. केरळमध्ये आज अनेक महिला बचत गट ही शेती करतात. दोरीत ओवलेले शिंपले खाडीत टांगायचे आणि त्यांवर अळ्या बसू द्यायच्या, ही त्यांची पद्धत. कालवभित्तीच्या उभारणीमागील तत्त्वही हेच आहे. फरक एवढाच, की शेतीतील पीक काढून घेतले जाते आणि भित्तीतील कालव जागेवरच राहावे लागते.

दुसरा दुवा कांदळवनांचा आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ‘मिष्टी’ योजनेत पाच वर्षांत सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्रावर कांदळवनांच्या लागवडीचे व पुनरुज्जीवनाचे उद्दिष्ट आहे. धुपणाऱ्या चिखलपट्टीवर लावलेली रोपे लाटांबरोबर वाहून जाण्याची भीती असते. अशा ठिकाणी समोर कालवभित्ती उभारल्यास रोपांना मूळ धरण्यास अवधी मिळू शकेल. सुंदरबनातील खाड्या किंवा कोकणातील आडोशाच्या खाड्या यांसारख्या ठिकाणी तिची चाचणी घेता येईल. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या उंच लाटा थेट अंगावर घेणाऱ्या वालुकामय किनाऱ्यांवर मात्र केवळ कालवांच्या भरवशावर राहणे धोक्याचे ठरेल.

तिसरा मुद्दा माणसांचा आहे. कोकणात आणि गोव्यात ओहोटीच्या वेळी खडकांवरून कालवे फोडून ती विकणाऱ्या महिलांचा उदरनिर्वाह या जिवावर चालतो. संरक्षणासाठी राखलेल्या भित्तीवरील कालव फोडले गेले, तर भित्ती खचेल. आणि फोडण्यास सरसकट बंदी घातली, तर या महिलांची चूल विझेल. म्हणून कोणता भाग राखायचा आणि कोठे काढणी चालू ठेवायची, हे त्यांना विचारूनच ठरवावे लागेल. शिंपले पुरवण्याचे, अळ्या बसवण्याचे आणि देखरेखीचे काम मजुरी देऊन त्यांच्याकडेच सोपवता येईल. खाडीत कालव कोठे टिकते आणि कोठे मरते, याची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती त्यांच्याजवळ आहे आणि कोणत्याही प्रकल्पाला सर्वप्रथम तिचीच गरज भासेल.