चंद्राला ओवाळायची भाऊबीज

दादा २०२१च्या एप्रिलमध्ये गेला. कोरोनाची दुसरी लाट, बावन्न वर्षांचं वय, अकरा दिवस दवाखाना. गणपती, दसरा कसेबसे पार पडले. दिवाळी मात्र अंगावर आली. गल्लीत आकाशकंदील लागले, शेजारून चकलीच्या तळणाचा वास यायला लागला आणि साताऱ्याच्या आमच्या घरी मी माहेरपणाला नव्हे, आईजवळ बसायला आले.

“यंदा आपल्याकडे दिवाळी नाही,” आई येईल त्याला सांगत होती. सुतक तसं दहा दिवसांचं. पण वर्ष सरेपर्यंत घरात सण करत नाहीत; कढई चढवायची नाही, नवे कपडे नाहीत, दारात रांगोळी नाही. लहानपणी मला ही रीत कठोर वाटायची. त्या वर्षी तिच्यातली माया कळली. ज्याला हसू येत नाही त्याच्यावर हसण्याची सक्ती नाही, एवढी मोकळीक ती देते. आणि ज्या घरी कढई चढत नाही, त्या घरी शेजारीपाजारी, नातलग फराळाचे डबे पोचवतात. सण करू नका, पण उपाशीही राहू नका, असा तो निरोप असतो.

वसुबारसेला शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या. “सावरा आता”, “देवाची इच्छा” असलं काही बोलल्या नाहीत. आईशेजारी बसल्या, डब्यातली एक करंजी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “तुमचा थोरला आधी मुरड तेवढी तोडून खायचा, आठवतंय? सारण राहायचं ताटात.” आई रडली आणि रडता रडता हसली. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. आम्ही सगळे तिच्यासमोर दादाचं नाव टाळत होतो. तिला तर ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. दुखवट्याच्या घरी जाताना काय बोलावं हे कळत नसेल, तर गेलेल्या माणसाची एखादी साधी आठवण सांगावी, हे मी काकूंकडून शिकले.

धनत्रयोदशीला संध्याकाळी आईने कणीक मळायला घेतली. यमाचा दिवा. एरवी आपण दिव्याची वात दक्षिणेकडे करत नाही. हा एकच कणकेचा दिवा दक्षिणेला तोंड करून, दाराबाहेर लावायचा. घरात कुणाला अकाली मृत्यू येऊ नये म्हणून. माझा तोल सुटला. “गेल्या वर्षीही लावला होतास ना? काय उपयोग झाला?” आई वात वळत राहिली. म्हणाली, “गेलेल्यासाठी नाही गं लावत. राहिलेत त्यांच्यासाठी लावायचा.”

त्या रात्री मी दिवाळीचे दिवस नव्याने मोजले. त्रयोदशीला यमाचा दिवा. चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण. लक्ष्मीपूजन होतं तेही अमावास्येला, चंद्र नसलेल्या रात्री. आणि शेवटी भाऊबीज, तिचं जुनं नाव यमद्वितीया. यम बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवायला जातो तो दिवस. म्हणजे मृत्यूचं नाव घेतल्याशिवाय हा सण पुराच होत नाही. दिवाळी सुखी घरांचीच असते आणि आपण तिच्यातून हद्दपार झालो, असं मी महिनाभर धरून बसले होते. पण या सणाने आमच्यासारख्यांची जागा आधीपासूनच राखून ठेवलेली होती.

६ नोव्हेंबरला भाऊबीज. वहिनीचा भाऊ कऱ्हाडहून आला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. “मी नको. वन्संनीच ओवाळावं.” तो पाटावरून म्हणाला, “मला तुझ्याच हातचं हवंय.” आईने निरांजन उचलून वहिनीच्या हातात दिलं. तिचा हात थरथरत होता, ज्योत हलत होती, पण तिने ओवाळलं. पुढच्याच मे महिन्यात, २०२२ साली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी मी वहिनीला फोनवर वाचून दाखवली तेव्हा मला तो थरथरता हात आठवला. दुःखात सगळ्यात जड असतं ते मागे उभं राहायला लागणं.

मग माझी पाळी. जिला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावं, ही आपल्याकडची रीत. पण द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ दिसते, पश्चिमेला अगदी खाली. आम्ही गच्चीवर गेलो तर आभाळ भरलेलं. आधी शुक्र तेवढा दिसला. मी ताट धरून उभी, वाऱ्यात निरांजन दोनदा विझलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ढग सरकले आणि डोंगराच्या वर, नखाएवढी कोर दिसली. मी ओवाळलं, अक्षता टाकल्या. दहावीतला भाचा शेजारी उभा होता. म्हणाला, “आत्या, नीट बघ. कोरीच्या आतला अख्खा गोल अंधूक दिसतोय.” खरंच दिसत होता, राखेच्या रंगाचा. “सूर्याचा उजेड पृथ्वीवर पडतो, इथून परत चंद्रावर जातो. म्हणून त्याची काळी बाजू दिसते. तो उजेड आपला आहे.” मी काही बोलले नाही. कोर डोंगराआड जाईपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो, वहिनी, तो आणि मी.

दुःख त्या दिवाळीत संपलं नाही. पुढचा हिवाळा वहिनीला फार जड गेला. झोप लागेना, जेवण जाईना, तेव्हा आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. आता तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा आहे. चोवीस तास, मोफत. सणाच्या दिवसांत घर भरलेलं असताना एकटं वाटत असेल, तर तो फोन करण्यात कमीपणा नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आईने काकूंचा डबा घासला, पुसला, उन्हात ठेवला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. घरात गोड काही केलेलं नव्हतं. तिने चमचाभर साखर डब्यात घातली, झाकण लावलं आणि एप्रिलनंतर पहिल्यांदा, पदर सारखा करून, आपली आपण शेजारी गेली.