डीएनए तयार झाल्यावर त्याला रंग जोडतात कसा?
परभणीत केमिस्ट्री, बायोटेक शिकणाऱ्यांनी हे वाचाच! यंत्रावर डीएनएची साखळी बनवतानाच चमकणारा नाजूक रंग घातला, तर शेवटी अमोनियात तो बऱ्याचदा खराब होतो. म्हणून साखळीत फक्त अल्काइनची छोटी शेपटी ठेवतात. साखळी शुद्ध झाली, की अझाइड लावलेला रंग आणि तांब्याचं उत्प्रेरक टाकायचं. अल्काइन आणि अझाइड जुळून पाच अणूंचं ट्रायझोल कडं तयार! या जोडणीलाच ‘क्लिक’ म्हणतात. मोकळं तांबं डीएनए तोडतं, म्हणून सोबत लिगंड हवंच.

अझाइडच साखळीत का नाही? संश्लेषणातला त्रिसंयुजी फॉस्फरस त्याच्याशी आधीच रिॲक्शन करून बसतो. पुण्याच्या आयसरमध्ये श्रीवत्सन यांच्या गटाने आरएनएसाठी सुंदर वाट काढली: आरएनए बनवणाऱ्या टी७ एन्झाइमकडूनच अझाइडवाला घटक साखळीत घालून घेतला आणि मग क्लिक! याच क्लिक केमिस्ट्रीला २०२२ चं नोबेल मिळालं.