शिक्षकेतर : कायदा आणि रोजचे काम

● कायदा एकच : खासगी शाळांसाठीचा १९७७चा महाराष्ट्राचा सेवाशर्ती कायदा शिक्षक आणि शिक्षकेतर, दोघांनाही ‘कर्मचारी’च मानतो. नियमावली १९८१ची.

● दाद : बडतर्फी किंवा पदावनतीविरुद्ध दोघांनाही ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

● पदे : लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, शिपाई.

● देवाणघेवाण : शिक्षकांचे सेवापुस्तक, रजेच्या नोंदी, पगारबिल लिपिकाच्या टेबलावर, विद्यार्थ्यांची हजेरी आणि निकालपत्रक मात्र वर्गशिक्षकाकडून येणार. एकाची दिरंगाई दुसऱ्याला भोवते.

● शिपाई : डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांत चतुर्थश्रेणीच्या नियमित पदांऐवजी ‘शिपाई भत्ता’ आणला. शिक्षकेतर संघटनांनी त्याला विरोध केला.