रांजणखळग्यात पट्टीचा पोहणाराही का अडकतो? गुहेत बुडी मारणाऱ्यांचे नियम काय सांगतात

पुणे : मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग करून आलेली पोरं आता गावोगावी भेटतात. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, सोबत गाईड. काही बिघडलंच तर गाईड धरून वर आणतो, कारण डोक्यावर मोकळं पाणी असतं. पण डोक्यावर दगडाचं छत असेल तर? मग वर जायची वाट बंद. आलात त्याच वाटेनं मागं फिरायचं, तेही अंधारात. पाण्याखालच्या गुहेतला खरा धोका हाच.

मेक्सिको, फ्लोरिडा या भागात चुनखडीचा दगड पाण्यानं विरघळून खोल विवरं आणि गुहा तयार झाल्या आहेत. आपल्याकडचा काळा पाषाण तसा विरघळत नाही. मात्र नदीच्या भोवऱ्यात गोटे गरगर फिरून तो कोरला जातो आणि रांजणखळगे पडतात. कुकडी नदीवर एका काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी आणि दुसऱ्या काठाला पारनेरचं निघोज, तिथले कुंड प्रसिद्ध आहेत. मावळात इंद्रायणीवर कुंडमळा आहे. वरून तोंड लहान दिसतं, आत पोट मोठं. काही खळगे खालून एकमेकांना जोडलेले, बाजूला कपारी. पाण्याच्या ओढीनं माणूस कपारीत गेला की त्याच्याही डोक्यावर छतच येतं. इथं पोहायला येतं की नाही याला फारसा अर्थ उरत नाही.

गुहेत उतरणारे डायव्हर म्हणूनच काही नियम सोडत नाहीत. पहिला, खास प्रशिक्षण. समुद्रातलं साधं सर्टिफिकेट इथं चालत नाही. दुसरा, बाहेरच्या मोकळ्या पाण्यापासून आतपर्यंत सलग दोरी. पायाचा फटका बसून तळाचा गाळ उठला की काही सेकंदांत हातसुद्धा दिसत नाही. तेव्हा दोरी चाचपतच बाहेर यावं लागतं. तिसरा, हवेचे तीन वाटे. सिलिंडरमध्ये १८० बार हवा असेल तर ६० जाताना, ६० येताना आणि उरलेली ६० अडचणीसाठी, जोडीदाराची हवा संपली तर त्याच्यासाठी. दहा मीटर खोलीवर हवा पृष्ठभागापेक्षा दुप्पट वेगानं संपते, हे नवख्याच्या लक्षातच येत नाही. शिवाय प्रत्येकाकडे किमान तीन टॉर्च. एक विझला की माघारी फिरायचं, दुसऱ्याच्या भरवशावर पुढं जायचं नाही.

एवढं पाळूनही काय होऊ शकतं ते २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत जगानं पाहिलं. पावसाच्या पाण्यानं फुटबॉलची १२ मुलं आणि त्यांचा कोच २३ जूनला आत अडकले. ब्रिटिश डायव्हरांना ते २ जुलैला सापडले. बाहेर काढायला १० जुलै उजाडला. दरम्यान आत हवेचे सिलिंडर पोचवून परतताना थाई नौदलाचे माजी डायव्हर समन कुनान यांचा मृत्यू झाला. मुलं तर त्यांच्यापुढं अगदीच नवखी. गुहेत घाबरून हातपाय मारू नयेत म्हणून त्यांना भुलीचं औषध देऊन आणलं. गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसंही तिथं गेली होती. पाण्याची पातळी खाली आणणं हे त्या सुटकेतलं निम्मं काम होतं, हे फारसं बोललं जात नाही.

आता आपल्या नदीकाठाकडं. कुणी खळग्यात पडलं की भाऊ, मित्र मागोमाग उडी टाकतो, आणि एकाचे दोन होतात. उडी टाकू नका. दोरी, ट्यूब, लांब बांबू, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेका. दोरी ओढणाऱ्यानं आधी स्वतःला झाडाला बांधावं किंवा खाली आडवं पडावं, ओल्या दगडावर उभं राहू नये. एकानं लगेच ११२ ला फोन करावा. माणूस दिसेनासा झाला असेल तर शेवटचा कुठं दिसला ती जागा समोरच्या खडकाच्या, झाडाच्या खुणेनं पक्की करून ठेवा. शोधपथक आल्यावर पहिलं तेच विचारतं, आणि तोवर गर्दीतले चौघं चार जागा दाखवत असतात.

घाटमाथ्यावर पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं की काठावर ऊन असतानाही पातळी वाढते. सकाळी उघडे दिसलेले खळगे दुपारी गढूळ पाण्याखाली जातात आणि वरून नदी सपाट दिसते.