वार्धक्याविषयीचा सकारात्मक दृष्टिकोन

वार्धक्याविषयीचा सकारात्मक दृष्टिकोन म्हणजे वाढत्या वयाकडे केवळ ऱ्हास म्हणून न पाहता, अनुभव, उपयुक्तता आणि नवे शिकण्याची क्षमता असलेला आयुष्याचा टप्पा म्हणून पाहण्याची वृत्ती होय. या वृत्तीचा संबंध वृद्धांची क्रियाशीलता, आजारातून सावरण्याची शक्यता आणि आयुर्मान यांच्याशी असल्याचे विविध अभ्यासांत आढळले आहे. मात्र ती औषधोपचारांची किंवा आर्थिक आधाराची जागा घेऊ शकत नाही.

संकल्पना

म्हातारपणाविषयीच्या समजुती माणूस लहानपणापासून घर, समाज आणि भाषा यांतून आत्मसात करतो. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रूढ आहे, तसेच ‘जुने ते सोने’ असेही म्हटले जाते. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील संत गोरा कुंभार यांना संतपरंपरेत ‘गोरोबाकाका’ म्हणतात. समकालीन संतांमध्ये त्यांना वडीलकीचा मान होता आणि कोणाचे मडके कच्चे, कोणाचे पक्के, हे पारखण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले गेले, अशी आख्यायिका आहे. वय म्हणजे परिपक्वता, हा विचार त्यात दिसतो.

येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ बेका लेव्ही यांनी २००९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, तरुणपणी इतरांविषयी बाळगलेल्या अशा समजुती उतारवयात माणूस नकळत स्वतःला लागू करतो आणि त्यांचा परिणाम त्याच्या आरोग्यावर होतो.

संशोधन

एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील एका वृद्ध शुश्रूषागृहात प्रयोग केला. एका गटाला स्वतःचे निर्णय स्वतः घेण्यास सांगून एक रोपटे जोपासण्यास दिले. दुसऱ्या गटालाही रोपटी दिली. परंतु त्यांची व रहिवाशांची सर्व काळजी कर्मचारी घेतील, असे सांगितले. तीन आठवड्यांनंतर पहिला गट अधिक उत्साही व क्रियाशील आढळला.

लेव्ही व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ओहायो राज्यातील पन्नाशीपुढील ६६० व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. स्वतःच्या वार्धक्याकडे सकारात्मकतेने पाहणाऱ्या व्यक्ती इतरांपेक्षा सरासरीने सुमारे साडेसात वर्षे अधिक जगल्या. वय, लिंग, आर्थिक-सामाजिक स्थिती आणि प्रकृती यांतील फरक विचारात घेऊनही हा संबंध टिकून राहिला.

परिणाम कसा होतो

हा परिणाम मुख्यतः तीन मार्गांनी होतो, असे मानले जाते. पहिला मार्ग वर्तनाचा आहे : पुढे काही चांगले होऊ शकते असे वाटणारी व्यक्ती चालते-फिरते, औषधे वेळेवर घेते, तपासणी करून घेते. दुसरा मानसिक आहे : ‘मला जमेल’ या विश्वासामुळे माणूस प्रयत्न सोडत नाही. तिसरा शारीरिक आहे : सततचा ताण कमी राहिल्यास हृदय व रक्ताभिसरण यांवरील भार कमी होतो.

महाराष्ट्रातील उदाहरणे

महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी वयाच्या ७१व्या वर्षी, १९२९ मध्ये, परदेश दौरा आरंभला. १९३६ मध्ये त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ आणि १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी नऊवारीच्या गणवेशात येऊन तेथे अक्षरे गिरवू लागल्या. शिकण्याचे वय निघून गेले, ही समजूत या शाळेने खोटी ठरवली.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

धाराशिव हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा आहे. रोजगारासाठी तरुण पुणे-मुंबईकडे किंवा ऊसतोडणीला जातात, तेव्हा घर, जनावरे आणि नातवंडे यांचा सांभाळ अनेकदा वृद्धांवर येतो. या कामाला घरात मान मिळाला, तर ‘आपली गरज आहे’ ही भावना टिकते. तो न मिळाल्यास तेच काम ओझे ठरते.

‘आता वयच झाले, असेच चालायचे’ हे वाक्य ग्रामीण भागात सहज उच्चारले जाते. त्यामुळे मोतीबिंदू, बहिरेपणा, सांधेदुखी किंवा सततची उदासी यांसारख्या उपचार होऊ शकणाऱ्या तक्रारी वयाच्या खाती टाकल्या जातात आणि उपचार लांबतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने बहुतेकांची दृष्टी सुधारते. तरीही तपासणीच न झाल्यास परावलंबित्व ओढवते. राज्यात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटी प्रवास विनामूल्य आहे. त्यामुळे भूम किंवा उमरग्याच्या वृद्धाला तुळजापूरच्या दर्शनाला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात जाणे सोपे झाले आहे. तथापि घराबाहेर पडण्याची इच्छा त्याला आधी व्हावी लागते.

मर्यादा

वरील बहुतेक अभ्यास परस्परसंबंध दाखवतात. कार्यकारणभाव त्यांतून पूर्णपणे सिद्ध होत नाही. प्रकृती चांगली असल्यामुळेही दृष्टिकोन सकारात्मक राहू शकतो. कर्वे यांच्यासारख्या एका व्यक्तीच्या दीर्घायुष्यावरून नियम काढता येत नाही. शिवाय, आजारी किंवा एकाकी वृद्धाला ‘मन खंबीर ठेवा’ एवढेच सांगणे म्हणजे त्याच्या दुःखाचा दोष त्यालाच देणे होय. निवृत्तिवेतन, जवळ उपलब्ध आरोग्यसेवा आणि कुटुंबाची सोबत असल्यास आशावादी राहणे अधिक शक्य होते. म्हणून वृद्धाची वृत्ती बदलण्याइतकेच, त्याच्याविषयी घरात व गावात काय बोलले जाते, ते बदलणेही महत्त्वाचे ठरते.